टर्की रेड ऑइल: एरंडेलापासून सर्फॅक्टंट बनवा, सोलापूरच्या पाण्यात आणि कापडावर तपासा

कोरे सुती कापड साध्या पाण्यावर टाकले तर ते बराच वेळ तरंगत राहते. कापसाच्या तंतूवर नैसर्गिक मेण असते, ताण्यावर, म्हणजे उभ्या धाग्यांवर, खळ असते, आणि पाण्याचा पृष्ठताण ३० अंश सेल्सिअसला ७१.२ मिलीन्यूटन प्रति मीटर असतो. एवढ्या ताणाचे पाणी मेणकट धाग्यात सहज शिरत नाही. रंगाईत याचा परिणाम डागाडागाने चढलेल्या रंगात दिसतो. हा ताण खाली आणणारा पदार्थ म्हणजे सर्फॅक्टंट. त्याच्या रेणूचे एक टोक पाण्यात रमते, दुसरे पाण्यापासून पळते, म्हणून तो पाणी आणि हवा यांच्या सीमेवर जाऊन बसतो.

टर्की रेड ऑइल (थोडक्यात टीआरओ), म्हणजे सल्फेट केलेले एरंडेल, हे या कुटुंबातले फार जुने नाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तांबड्या रंगाच्या सुती रंगाईसाठी ते वापरात आले. आज त्याहून सरस ओलेकारक मिळतात. तरीही रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने हातात घेण्यासारखा याच्याइतका चांगला प्रकल्प मला दुसरा दिसत नाही. कच्चा माल एरंडेल आहे, अभिक्रिया एकाच टप्प्याची आहे, आणि तपासायला कापड हवे तर टॉवेल-चादरीच्या या शहरात ते मागायला लांब जावे लागत नाही.

माझे म्हणणे आधीच सांगतो. सर्फॅक्टंट बनवणे हा कामाचा लहान भाग आहे, मोजणे हा मोठा. आणि मोजमाप फक्त डिस्टिल्ड पाण्यात केले तर ते अर्धेच राहते. आपल्याकडे अनेक ठिकाणी धुलाई-रंगाई बोअरच्या जड, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त असलेल्या, पाण्यात होते. आपला पदार्थ त्या पाण्यात काय करतो हे कळल्याशिवाय त्याला चांगला किंवा वाईट म्हणू नये.

सुरुवात करण्याआधी

हे काम घरी करायचे नाही. ९८ टक्के सल्फ्युरिक आम्ल हाताळायचे आहे, त्यामुळे महाविद्यालयाची प्रयोगशाळा, फ्यूम हूड, डोळ्यांवर चष्मा, आम्लाला टिकणारे हातमोजे, सुती ॲप्रन आणि शेजारी शिक्षक, एवढे तरी हवेच. टेबलावर खाण्याच्या सोड्याचा डबा उघडा ठेवा. आम्ल अंगावर उडाले तर लगेच भरपूर वाहत्या पाण्याखाली धरा. सोडा टेबलावर किंवा फरशीवर सांडलेल्या आम्लासाठी आहे, कातडीसाठी नाही.

वेळेची निवडही महत्त्वाची. ही अभिक्रिया उष्णता सोडते आणि तिला ३५ अंशांच्या वर जाऊ द्यायचे नाही. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात खोलीतच त्याहून जास्त तापमान असते. डिसेंबर-जानेवारीची सकाळ मिळाली तर उत्तम. नाहीतर बर्फ आणि मिठाचा बाथ भरपूर तयार ठेवा आणि बर्फ संपण्याची वाट न पाहता घालत राहा.

आत काय घडते

एरंडेलातील मेदाम्लांपैकी साधारण ८५ ते ९० टक्के रिसिनोलेइक आम्ल असते. त्याच्या अठरा कार्बनच्या साखळीत बाराव्या कार्बनवर एक हायड्रॉक्सिल गट असतो आणि नवव्या-दहाव्या कार्बनमध्ये दुहेरी बंध. शेंगदाणा किंवा करडईच्या तेलात असा हायड्रॉक्सिल गट जवळजवळ नसतो, म्हणून या कामाला एरंडेलच लागते. संहत सल्फ्युरिक आम्ल त्या हायड्रॉक्सिलशी जुळून सल्फेट एस्टर बनवते. पुढे अल्कलीने उदासीन केले की सोडियम सल्फेटचे टोक असलेला, पाण्यात विरघळणारा रेणू मिळतो.

हिशोब असा आहे. एरंडेलाचे हायड्रॉक्सिल मूल्य (एक ग्रॅम तेलातल्या हायड्रॉक्सिलांच्या बरोबरीचे पोटॅशियम हायड्रॉक्साइड, मिलीग्रॅममध्ये) १६३ च्या आसपास धरले तर १०० ग्रॅम तेलात ०.२९ मोल हायड्रॉक्सिल येतात. ९८ टक्के आम्ल २५ ग्रॅम घेतले तर ते ०.२५ मोल होते. पण सगळे हायड्रॉक्सिल बदलतात असे समजू नका. अभिक्रियेत पाणी तयार होते, ते आम्लाला पातळ करते आणि गाडी मध्येच थांबते. थोडे ट्रायग्लिसराइड तुटते, थोडे आम्ल दुहेरी बंधावरही जाते. हाती येते ते मिश्रण. पुढच्या मोजमापात हे सतत लक्षात ठेवावे लागते.

अभिक्रिया

५०० मिलीच्या बीकरमध्ये किंवा तीन तोंडांच्या फ्लास्कमध्ये १०० ग्रॅम एरंडेल घ्या. ते कोरडे असावे. वरून फिरणारा यांत्रिक ढवळक लावा. एरंडेल घट्ट असते आणि आम्ल पडू लागले की आणखी घट्ट होते, त्यामुळे चुंबकीय ढवळकाची कांडी अडकून बसते. ढवळणे थांबले की आम्ल एका जागी साचते, तिथे तेल जळते आणि काळे पडते. थर्मामीटर तेलात बुडालेला हवा, बाथमध्ये नव्हे.

तेल २० अंशांवर आणा. १३.६ मिली संहत आम्ल, म्हणजे २५ ग्रॅम, ड्रॉपिंग फनेलमध्ये घ्या आणि थेंबाथेंबाने दोन तासांत सोडा. तापमान २५ ते ३० अंशांत ठेवा. ३२ च्या पुढे सरकू लागले की आम्ल बंद करा, ढवळणे मात्र चालू ठेवा. पारा खाली आल्यावर पुन्हा थेंब सोडा. गंधक जळल्यासारखा झोंबरा वास आला तर सल्फर डायऑक्साइड सुटतो आहे आणि तेलाचे ऑक्सिडीकरण सुरू झाले आहे. तो घोळ पुढे नेऊन चांगला माल मिळत नाही, नव्याने सुरुवात करावी.

सगळे आम्ल गेल्यावर आणखी एक तास ढवळा आणि मग चाचणी घ्या. परीक्षानळीत १० मिली डिस्टिल्ड पाणी घ्या, त्यात मिश्रणाचा एक थेंब आणि सौम्य कॉस्टिकचे काही थेंब टाकून हलवा. द्रावण नितळ किंवा अगदी किंचित धूसर झाले तर सल्फेशन पुरेसे झाले. वर तेलाचे टिपूस तरंगले तर आणखी ढवळा. भांडे झाकून थंड जागी रात्रभर ठेवण्याची पद्धतही आहे आणि तिचा फायदा होतो.

धुणे आणि उदासीन करणे

सगळ्यात जास्त माल इथे बिघडतो, म्हणून सावकाश वाचा.

मिश्रणात न वापरलेले आम्ल उरलेले असते. ते साध्या पाण्याने धुवायला गेलात तर दुधासारखे इमल्शन तयार होईल आणि थर सुटणार नाहीत. म्हणून १० टक्के सोडियम सल्फेटचे द्रावण वापरा, ते नसेल तर तेवढ्याच तीव्रतेचे मिठाचे. थंड केलेले १५० मिली द्रावण मोठ्या बीकरमध्ये घ्या आणि आम्लयुक्त तेल त्यात हळूहळू ओता. उलटे करू नका. सेपरेटिंग फनेलमध्ये ठेवा. खाली पाण्याचा आम्लधर्मी थर बसेल, वर तपकिरी तेल. खालचा थर काढून घ्या आणि पुन्हा एकदा तसेच धुवा. थर सुटायला काही तास लागू शकतात. घाईने जोरात हलवलेत तर आणखी उशीर होईल.

धुतलेले तेल तसेच आठवडाभर ठेवू नका. आम्लाच्या सान्निध्यात सल्फेट एस्टर पुन्हा तुटतो आणि आपण जोडलेला गट निघून जातो. त्याच दिवशी १० टक्के सोडियम हायड्रॉक्साइड थोडे थोडे घालून उदासीन करा, तापमान ४० अंशांखाली ठेवा. मधूनमधून थोडा माल २० पट पाण्यात विरघळवून पीएच बघा. ६.५ ते ७ आला की थांबा. कॉस्टिक जास्त झाले तर उरलेल्या एस्टर बंधांचे साबणीकरण होऊन साबण तयार होतो, आणि साबण जड पाण्यात फुटतो. ज्या गुणासाठी टीआरओ बनवले तोच गुण शेवटच्या काही मिलीत हातचा जातो.

तयार पदार्थ लालसर तपकिरी, पारदर्शक आणि घट्टसर असतो.

तुलनेसाठी करडईचा साबण

रब्बीत आपल्या जिल्ह्यात करडई असतेच. तिचे तेल ५० ग्रॅम, बाजारातले ८५ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड ११ ग्रॅम, २० मिली पाणी आणि ३० मिली अल्कोहोल घेऊन पाण्याच्या बाथवर रिफ्लक्स कंडेन्सर लावून तासभर उकळा. उघडी ज्योत नको. नंतर अल्कोहोल उडवून टाका. मऊ, पिवळसर साबण मिळतो. पुढच्या प्रत्येक चाचणीत तो टीआरओच्या शेजारी ठेवायचा आहे.

किती सल्फेट जोडले गेले

यासाठी दोन थरांचे मिथिलीन ब्लू टायट्रेशन करा. १ ग्रॅम माल अचूक तोलून २५० मिली द्रावण बनवा. त्यातले १० मिली स्टॉपरच्या सिलिंडरमध्ये घ्या, सल्फ्युरिक आम्ल घातलेले मिथिलीन ब्लूचे द्रावण आणि १५ मिली क्लोरोफॉर्म घाला आणि हलवा. निळा रंग खालच्या क्लोरोफॉर्ममध्ये उतरेल, कारण ऋणभारित सर्फॅक्टंट रंगद्रव्याला घेऊन तिथे जातो. आता ०.००४ मोलर सीटॅब, म्हणजे सेटिल ट्रायमिथिल अमोनियम ब्रोमाइड, थोडे थोडे घालून दर वेळी हलवा. रंग वर पाण्यात परतू लागतो. दोन्ही थर सारखे निळे दिसले तो अंतिम बिंदू. ८ मिली लागले तर ८ गुणिले ०.००४ गुणिले २५, म्हणजे ग्रॅममागे ०.८ मिलीमोल सल्फेट.

या पद्धतीची खुबी अशी की आम्लधर्मी द्रावणात साबण मोजलाच जात नाही, फक्त सल्फेट मोजला जातो. त्यामुळे उदासीन करताना किती साबण तयार झाला याचाही अंदाज इतर मोजमापांशी ताडून घेता येतो. हिवाळ्याच्या सकाळी सीटॅबच्या द्रावणात स्फटिक पडतात. बाटली कोमट पाण्यात ठेवून ते पूर्ण विरघळल्यावरच ब्युरेट भरा.

पृष्ठताण

पृष्ठताण मोजणारे महागडे यंत्र, टेन्सिओमीटर, नसेल तर बिघडत नाही. स्टॅलॅग्मोमीटर, म्हणजे सारखे थेंब पाडणारी बारीक नळी, किंवा चांगल्या टोकाचे पिपेट आणि मिलीग्रॅमपर्यंत तोलणारा तराजू पुरतो. थेंब मोजण्यापेक्षा थेंब तोलणे मला जास्त भरवशाचे वाटते.

खरी लढाई काचेच्या स्वच्छतेची आहे. बोटाचा तेलकट ठसा किंवा भांडी धुण्याच्या साबणाचा अंशही आकडा खाली ओढतो. भांडी अल्कोहोलमधल्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडने धुवा, मग पुष्कळ वेळा डिस्टिल्ड पाण्याने. काचेवर पाण्याचा अखंड पापुद्रा सरकला तर भांडे स्वच्छ, थेंब थेंब राहिले तर पुन्हा धुवा.

प्रथम मालातले घन पदार्थ काढा. १ ग्रॅम माल १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. त्या आधारावर लिटरला १० ग्रॅमचे मूळ द्रावण बनवा आणि त्यातून ५, २, १, ०.५, ०.२, ०.१, ०.०५ आणि ०.०२ ग्रॅम प्रति लिटर अशी द्रावणे करा. मोजताना पातळाकडून तीव्राकडे जा. सगळी द्रावणे पाण्याच्या बाथमध्ये ३० अंशांवर ठेवा. पाण्याचा पृष्ठताण अंशामागे साधारण ०.१६ मिलीन्यूटनने घटतो, म्हणून सकाळी आणि दुपारी घेतलेले आकडे बाथशिवाय एकत्र मांडता येत नाहीत.

थेंब हळू पडू द्या, मिनिटाला १० पेक्षा जास्त नकोत. पातळ द्रावणात रेणूंना पृष्ठभागापर्यंत पोचायला वेळ लागतो आणि घाईत पडलेला थेंब खोटा, जास्त ताण दाखवतो. २० थेंब तोला. समजा पाण्याचे २० थेंब ०.९८ ग्रॅम भरले आणि द्रावणाचे ०.५२ ग्रॅम. पृष्ठताण झाला ७१.२ गुणिले ०.५२ भागिले ०.९८, म्हणजे ३७.८ मिलीन्यूटन प्रति मीटर. ही तुलनात्मक पद्धत आहे. नेमका आकडा हवा असेल तर हार्किन्स आणि ब्राऊन यांची दुरुस्ती लावावी लागते. आपल्या कामाला तुलना पुरते.

उभ्या अक्षावर पृष्ठताण आणि आडव्यावर तीव्रतेचा लॉगॅरिदम घेऊन आलेख काढा. उतरती रेषा आणि पुढची जवळजवळ सपाट रेषा जिथे छेदतात ती क्रांतिक मायसेल तीव्रता. तिथून पुढे रेणूंचे पुंजके, म्हणजे मायसेल, बनू लागतात आणि पृष्ठताण आणखी फारसा घटत नाही. टीआरओत हे वळण धारदार येणार नाही, गोलसर येईल, कारण ते मिश्रण आहे. तीव्रता ग्रॅम प्रति लिटरमध्येच लिहा. मोलमध्ये लिहायला एक रेणुभार लागतो आणि तो इथे नाही.

आपल्या हाताची परीक्षा

टीआरओला हात लावण्यापूर्वी हेच सगळे सोडियम डोडेसिल सल्फेट या ओळखीच्या, एकाच रेणूच्या सर्फॅक्टंटवर करून बघा. त्याचा रेणुभार २८८.४ आहे. २५ अंशांवर त्याची क्रांतिक मायसेल तीव्रता सुमारे ८.२ मिलीमोल प्रति लिटर, म्हणजे जवळजवळ २.४ ग्रॅम प्रति लिटर. त्याच्या पुढे पृष्ठताण ३८-३९ च्या आसपास यायला हवा. वळणाजवळ आलेख खाली बुडून पुन्हा वर आला तर पदार्थात डोडेकॅनॉलची भेसळ आहे. अल्कोहोलमधून पुनःस्फटिकीकरण करा.

आलेखाच्या उतारावरून पृष्ठभागावर रेणू किती दाट बसले ते सांगणारे गिब्जचे समीकरणही इथेच वापरा. आलेखाच्या उतरत्या भागाचा उतार तीव्रतेच्या दहापटीमागे ३७ मिलीन्यूटन प्रति मीटर आला असे धरू. ०.०३७ ला २ गुणिले २.३०३ गुणिले ८.३१४ गुणिले ३०३ ने भागा. पृष्ठभागावरची घनता ३.२ गुणिले १० चा उणे सहावा घात, मोल प्रति चौरस मीटर मिळते. ॲव्होगाड्रो संख्येने गुणून व्यस्त घ्या, म्हणजे एका रेणूच्या वाट्याला सुमारे ०.५२ चौरस नॅनोमीटर जागा येते. सूत्रातला २ आयनी सर्फॅक्टंटसाठी आहे, कारण सोडियम आयनही सोबत येतो. तो विसरला तर जागा निम्मीच निघते. विद्यार्थ्यांच्या अहवालांत ही चूक सर्रास आढळते.

विद्युतवाहकतेनेही मायसेल तीव्रता काढता येते, पण ती डोडेसिल सल्फेटवरच करा. टीआरओत धुण्यातले सोडियम सल्फेट उरलेले असते. ते वाहकता इतकी वाढवते की उताराचा बदल त्यात बुडून जातो.

आता आपले पाणी

तीन पाणी घ्या: डिस्टिल्ड, नळाचे आणि बोअरचे. प्रत्येकाचा जडपणा ईडीटीएने, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम बांधून घेणाऱ्या रसायनाने, मोजा. ५० मिली पाणी, पीएच १० चा बफर, एरिओक्रोम ब्लॅक टी या रंगदर्शकाची चिमूट, आणि ०.०१ मोलर ईडीटीए वाइनसारखा लाल रंग जाऊन निळा होईपर्यंत. लागलेले मिली गुणिले २०, म्हणजे लिटरला मिलीग्रॅममध्ये कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबाने जडपणा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० ही स्वीकार्य मर्यादा आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६००. आपला बोअर या दोहोंमध्ये कुठे बसतो ते वहीत लिहा. पावसाळ्यानंतर आणि उन्हाळ्यात तो आकडा बदलतो, म्हणून तारीखही लिहा.

सोबत एक ठरावीक जड पाणी स्वतः बनवा, म्हणजे दुसऱ्या कुणालाही तुमचा प्रयोग पुन्हा करता येईल. लिटरला ०.४४ ग्रॅम डायहायड्रेट कॅल्शियम क्लोराइड घातले की ३०० चा जडपणा होतो.

प्रत्येक पाण्यात १ ग्रॅम प्रति लिटर टीआरओ आणि तेवढाच करडईचा साबण घाला. साबण जड पाण्यात लगेच दह्यासारखा फुटतो आणि भांड्याच्या कडेला चिकट थर धरतो. टीआरओ पुष्कळ वेळ टिकते, फार तर धूसर होते. तुमचे टीआरओही फुटले तर उदासीन करताना कॉस्टिक जास्त पडले असेल किंवा सल्फेट कमी जोडला गेला असेल. टायट्रेशनचा आकडा कोणते कारण ते सांगेल.

कापड बुडायला किती वेळ लागतो

ही चाचणी कारखानदाराला दाखवण्यासारखी आहे. कोऱ्या, न धुतलेल्या सुती कापडाचे अडीच सेंटिमीटरचे चौकोन कापा. टॉवेलचे कापड घेऊ नका, त्याच्या धाग्यांच्या फासांत हवा अडकते आणि वेळा वाटेल तशा येतात. साधी, सपाट विणीची चादर घ्या. सगळे तुकडे एकाच ताग्यातले हवेत, आणि चिमट्यानेच उचला.

बीकरमध्ये ३० अंशांवरचे द्रावण घ्या, वरचा फेस काढून टाका, तुकडा अलगद आडवा ठेवा आणि तो पृष्ठभाग सोडून खाली जाईपर्यंतचा वेळ घ्या. तीव्रता ०.५, १, २ आणि ५ ग्रॅम प्रति लिटर. प्रत्येक ठिकाणी दहा तुकडे वापरा आणि सरासरीऐवजी मधला आकडा धरा, कारण एखादा तुकडा खळीच्या जाड डागामुळे अडून बसतो. हेच तिन्ही पाण्यांत करा. पृष्ठताण सारखाच असलेले दोन पदार्थ कापड वेगवेगळ्या वेळात भिजवतात हे इथे प्रत्यक्ष दिसेल. पृष्ठताणाचा स्थिर आकडा रेणू नव्या पृष्ठभागावर किती चपळाईने पोचतात ते सांगत नाही, आणि कापड भिजताना तर पाण्यासमोर क्षणाक्षणाला नवा पृष्ठभाग येत असतो. म्हणून रंगाईवाल्याला पृष्ठताणाच्या तक्त्यापेक्षा या सेकंदांचा तक्ता आधी द्यावा असे माझे ठाम मत आहे.

फेसाची चाचणी सोपी आहे. १०० मिलीच्या स्टॉपरच्या सिलिंडरमध्ये १ ग्रॅम प्रति लिटरचे २० मिली द्रावण घ्या, अर्धा मिनिट सारख्या जोराने हलवा, लगेच आणि पाच मिनिटांनी फेसाची उंची वाचा. टीआरओचा फेस डोडेसिल सल्फेटपेक्षा बराच कमी येतो. फेस कमी म्हणजे माल कमअस्सल, हा समज सोडा. रंगाईच्या यंत्रात फेस नकोच असतो.

शेवटी आम्लातला टिकाऊपणा. ५० मिली द्रावण सौम्य सल्फ्युरिक आम्लाने पीएच ३ वर आणा आणि अर्धा तास उकळा. वर तेल सुटू लागेल. आम्लधर्मी, गरम बाथमध्ये टीआरओ चालत नाही, ही मर्यादा अहवालात स्पष्ट लिहा.

साठवण आणि सांडपाणी

माल प्लास्टिकच्या किंवा काचेच्या बाटलीत, सावलीत ठेवा आणि महिन्यातून एकदा पीएच तपासा. तो ६ च्या खाली गेला तर थोडे सौम्य कॉस्टिक घालून वर आणा. बाटलीवर तारीख, बॅच आणि ग्रॅममागे सल्फेटचे मिलीमोल लिहिलेले असावेत. धुण्यातला आम्लधर्मी थर चुन्याच्या निवळीने किंवा धुण्याच्या सोड्याने पीएच ७ च्या आसपास आणल्याशिवाय बेसिनमध्ये ओतू नका. सोडा घालताना फसफस होते, म्हणून मोठे भांडे घ्या. टायट्रेशनचा क्लोरोफॉर्म मात्र कधीही नाल्यात जाता कामा नये. तो वेगळ्या, चिठ्ठी लावलेल्या बाटलीत साठवून प्रयोगशाळा प्रमुखांच्या ताब्यात द्या.